गाण्याच्या पैशातून उभी राहिलेली शाळा



शाळेच्या मदतीसाठी होणारा जलसा, ज्याला आपण सर्रास 'चॅरिटी शो' म्हणतो, तो कधी पाहिलाच नाही असा माणूस आपल्यात विरळाच. कधी कव्वालीचा मुकाबला असतो, कधी मुशायरा, कधी एखाद्या बोलपटाचा खास खेळ. तिकिटांची पुस्तके मुलांच्या हाती देऊन त्यांना मोहल्ल्यात पाठवायचे, दुकानदाराने भिडेखातर दोन तिकिटे घ्यायची आणि कार्यक्रमाला नोकराला धाडायचे, आणि दुसऱ्या दिवशी कमिटीने वही उघडून हिशेबाला बसायचे, हे सारे आपल्या चांगले परिचयाचे आहे. माझ्या लहानपणी आमच्या गावी असाच एक जलसा झाला होता. शाळेच्या दोन खोल्यांवर पत्रे घालायचे होते. जलसा असा रंगला की पहाटेपर्यंत कोणी उठेना. पण मांडव, ध्वनिक्षेपक, कलावंतांचे मानधन आणि त्यांची खातिरदारी वजा जाता जे उरले, त्यात पत्रे नव्हे, पत्र्यांचे खिळेच काय ते आले असते, असे आमचे हेडमास्तर पुढे कित्येक वर्षे म्हणत असत.

त्या जलशावरून गावात वाद झाला तो खर्चावरून नव्हे. वडीलधाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे असे की, इल्मसारख्या पवित्र कामाला गाण्याबजावण्याचा पैसा लावणेच गैर. दुसरे म्हणत, मुले पावसात भिजत बसतात ते बरे काय? दोन्ही बाजू मला त्या वेळी पटल्या होत्या आणि खरे सांगायचे तर आजही थोड्याफार पटतात. म्हणूनच आज तुम्हाला दूरदेशीची एक हकीकत सांगणार आहे. एका अतिशय गरीब समाजाने आपली शाळा अक्षरशः गाऊन उभी केली, त्याची ही हकीकत आहे.

1865 साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आणि सुमारे 40 लाख कृष्णवर्णीय गुलाम मुक्त झाले. मुक्त झाले म्हणजे काय झाले? अंगावरच्या कपड्यांखेरीज जवळ काही नाही. जमीन नाही, घर नाही, आणि अक्षरओळख तर नाहीच नाही. कारण दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला लिहावाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. अशा लोकांसाठी टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात जानेवारी 1866 मध्ये एक शाळा निघाली. सैन्याचे जुने इस्पितळ होते, त्याच्या लाकडी बराकीत ती भरू लागली. जनरल क्लिंटन फिस्क यांनी साहाय्य केले म्हणून तिला फिस्क शाळा हे नाव पडले. सात वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या म्हाताऱ्यापर्यंत विद्यार्थी येऊन बसू लागले. पुस्तकांना पैसे नव्हते. तेव्हा शहरातील गुलामांच्या बाजारात गंजून पडलेल्या बेड्या आणि हातकड्या गोळा करून मोडीत विकल्या आणि त्या पैशातून मुळाक्षरांची पुस्तके आणली, अशी आठवण त्या संस्थेत आजतागायत सांगतात. विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट जरा थांबून मनात आणा.

दुसऱ्याच वर्षी शाळेला विद्यापीठाची सनद मिळाली, पण बराकी मात्र त्याच. 1871 पर्यंत त्या कुजत आल्या होत्या, उधारी वाढली होती आणि शाळा बंद करावी असे चालकांच्या मनात येऊ लागले होते. तेथे जॉर्ज व्हाइट नावाचे एक गोरे गृहस्थ खजिनदार होते. लोहाराचा मुलगा, युद्धात लढलेला. हेच गृहस्थ मुलांना गाणेही शिकवीत. तिजोरी आणि गाणे एकाच माणसाकडे होते हे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडेल. व्हाइट यांच्या मनाने घेतले की, मुलांना घेऊन उत्तरेकडच्या श्रीमंत शहरांत जावे, गावे आणि पैसा आणावा. ज्या मिशनरी संस्थेची ही शाळा, तिने या बेताला नकार दिला. आपल्या नावावर मुलांना गाण्यासाठी फिरवणे तिला कमीपणाचे वाटले. काही आईबापही कचरले. मुक्त होऊन सहा वर्षे झाली नाहीत तोच पोरांना परक्या मुलखात पाठवायचे? त्यातही निम्म्याहून अधिक मुली. आपल्याकडच्या पालकांना ही धास्ती समजावून सांगण्याची गरज नाही.

अखेर 6 ऑक्टोबर 1871 रोजी नऊ गायक विद्यार्थ्यांना घेऊन आणि शाळेच्या तिजोरीत होते नव्हते ते घेऊन व्हाइट आगगाडीत बसले. ही मुले कोण होती? बहुतेक सारी गुलामीत जन्मलेली. बेंजामिन होम्स हा लहानपणी शिंप्याकडे उमेदवारी करताना दुकानांच्या पाट्या पाहून अक्षरे शिकला. पुढे विक्रीसाठी गुलामांच्या कोंडवाड्यात असताना लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा त्याने वर्तमानपत्रातून आपल्या सोबत्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मॅगी पोर्टर ही कोवळ्या वयात खेड्यात शिक्षिका झाली, तर तिची शाळाच जाळण्यात आली. मिनी टेट अवघी चौदा वर्षांची. आणि एला शेपर्ड. तिला गुलामीतून सोडवण्यासाठी तिच्या बापाने 350 डॉलर मोजले होते. आई मात्र गुलामीतच राहिली. बाप पटकीने गेला. एलाला पियानो शिकायचा होता. एका गोऱ्या शिक्षकाने शिकवायचे कबूल केले, पण अट अशी की रात्री यावे, मागच्या दाराने यावे आणि कोणाला सांगू नये. ही मुलगी 1868 मध्ये सहा डॉलर घेऊन फिस्कला आली. तेवढ्यात तीन आठवड्यांचे शिक्षण होत होते. पुढचे तिने गाण्याच्या शिकवण्या करून भागवले.

प्रवास सुरू झाला आणि दोनच दिवसांत शिकागो शहराला इतिहासप्रसिद्ध आग लागली. ओहायो राज्यात या मुलांच्या पहिल्याच कार्यक्रमांतून पन्नास डॉलरदेखील जमले नव्हते. जमले ते सर्व त्यांनी शिकागोच्या आगग्रस्तांना देऊन टाकले. स्वतःच्या शाळेचे छप्पर कोसळत असता! व्यवहारी माणूस याला वेडेपणा म्हणेल. मला तरी वाटते, ही मुले भीक मागायला निघालेली नव्हती हे जगाला पहिल्यांदा त्या दिवशी कळले.

पुढचे काही आठवडे हालाचे गेले. हॉटेलवाले दारातून परत पाठवीत. थंडी सुरू झाली तरी अंगात पुरेसे कपडे नव्हते. वर्तमानपत्रे टिंगल करीत. त्या काळी गोरे नकले तोंडाला काजळ फासून काळ्या माणसांची सोंगे आणीत आणि लोक पोट धरधरून हसत. काळा माणूस रंगमंचावर आला की हसायचे, एवढेच प्रेक्षकांना ठाऊक. ही मुले सभ्य पोशाखात उभी राहून गोऱ्यांच्या मैफलीतील गाणी गात, तर लोकांना त्यात काही विशेष वाटेना.

आणि येथेच या हकीकतीची खरी गोम आहे. या मुलांजवळ आणखी एक खजिना होता. त्यांच्या आईबापांनी कापसाच्या शेतात आणि रात्रीच्या चोरट्या प्रार्थनासभांत म्हटलेली गाणी. त्यांत देवाची आळवणी होती, सुटकेची आस होती आणि विकल्या गेलेल्या लेकरांचे दुःख होते. ही गाणी मुले व्हाइटना खासगीत, हळू आवाजात म्हणून दाखवीत, पण चारचौघांत म्हणायला तयार नसत. एला शेपर्डने पुढे लिहिले त्याचा आशय असा की, ती गाणी गुलामीच्या काळोखाशी जोडलेली होती आणि वडिलांच्या दृष्टीने पवित्र होती. ती तिकिटावर ऐकवायची हे कोणाच्या मनातही आले नव्हते. वाचकहो, आमच्या गावातला वाद आणि हा वाद एकच नव्हे काय? पवित्र गोष्ट बाजारात न्यावी की न न्यावी?

नोव्हेंबर 1871 मध्ये ओबर्लिन या गावी पाद्र्यांची एक मोठी परिषद भरली होती. मधल्या वेळेत या मुलांना गाण्याची संधी मिळाली आणि तेथे त्यांनी आपली ही गाणी म्हटली. सभागृह स्तब्ध झाले. पुढे कोलंबस शहरी व्हाइट यांनी रात्रभर प्रार्थना करून संघाला 'ज्युबिली सिंगर्स' असे नाव दिले. तौरातमध्ये दर पन्नासाव्या वर्षी गुलामांना मुक्त करण्याचा जो उत्सव सांगितला आहे, त्यावरून हे नाव. डिसेंबरात न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिन येथे हेन्री वॉर्ड बीचर या नामांकित धर्मोपदेशकाच्या चर्चमध्ये गाणे झाले आणि दिवस पालटले. 1872 च्या मार्चमध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी त्यांचे गाणे ऐकले. मे महिन्यात मंडळी नॅशव्हिलला परतली ती 20,000 डॉलर घेऊन. शाळेची उधारी फिटली.

1873 मध्ये ते इंग्लंडला गेले. व्हिक्टोरिया राणीपुढे गायले, पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी त्यांना आपल्याकडे बोलावले. आता गंमत पाहा. त्याच 1873 साली आपल्या पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. नॅशव्हिलच्या या मुलांचे नावही पुण्यात कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. पण ज्या मुक्तीचे मोल जोतीराव इथल्या शूद्रातिशूद्रांना समजावून देत होते, तिचेच पुढचे पाऊल, म्हणजे शाळा, ही मुले तिकडे गळ्याच्या जोरावर टाकीत होती.

इंग्लंडच्या दौऱ्यात सुमारे 50,000 डॉलर मिळाले. त्यातून नॅशव्हिलला ज्युबिली हॉल ही भव्य इमारत उभी राहिली आणि 1 जानेवारी 1876 रोजी तिचे उद्घाटन झाले. दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणासाठी उभी राहिलेली पहिली पक्की इमारत म्हणून ती ओळखली जाते. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना 1874 ची, अलीगढचा मदरसतुल उलूम उघडला 1875 मध्ये, आणि ज्युबिली हॉल 1876 चा. तिघांची एकमेकांना खबर नव्हती. पडझडीतून उठू पाहणाऱ्या समाजांना एकाच सुमारास एकच गोष्ट सुचावी, याचे मला नेहमी नवल वाटते.

अलीगढचे नाव निघालेच आहे तर सर सय्यद अहमद खान यांच्याविषयी सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. कॉलेजच्या पैशासाठी त्यांनी काय केले नाही? चंद्यासाठी गावोगाव हिंडले, देणगीदारांची नावे इमारतींच्या दगडांवर कोरून घेतली, सोडतसुद्धा काढली आणि तिच्यावरून बोल खाल्ले. सत्तरीकडे झुकलेले असता अलीगढच्या नुमाइशीत त्यांनी मदतीसाठी नाट्यप्रयोगासारखा एक जलसा योजला आणि स्वतः रंगमंचावर उभे राहिले. दिल्लीच्या मोगल दरबाराशी नाते असलेल्या घराण्यातला हा बुजुर्ग, सरकारचा 'सर'. स्नेह्यांना शरम वाटली, विरोधकांना निमित्त मिळाले. मौलाना हाली यांनी त्यांच्या चरित्रात या पैसा उभारण्याच्या खटपटी नोंदवून ठेवल्या आहेत. सर सय्यद यांना त्या जलशात किती मिळाले हा प्रश्न माझ्या लेखी गौण आहे. मुलांना रंगमंचावर उभे करण्याआधी म्हातारा स्वतः उभा राहिला, हे मला मोठे वाटते.

कारण फिस्कच्या मुलांना जी किंमत मोजावी लागली ती थोडीथोडकी नव्हती, आणि ती जमाखर्चाच्या कोणत्याही वहीत लिहिलेली नाही. वर्षातले कित्येक महिने गाडीत आणि बोटीत, रोज नवे गाव, रोज कार्यक्रम. दौरे लांबत गेले तशी प्रकृती ढासळली. वाचून दाखवणारा तो बेंजामिन होम्स क्षयाने तरुणपणी वारला. एला शेपर्ड पुन्हा पुन्हा अंथरुणाला खिळत असे, आणि तरीही पियानो तिनेच वाजवायचा आणि तालीमही तिनेच घ्यायची. व्हाइट स्वतः खंगले. शेवटी 1878 मध्ये जर्मनीत असता संघ मोडला. सात वर्षांत सुमारे दीड लाख डॉलर त्यांनी आपल्या शाळेला मिळवून दिले होते. पण ज्यांनी मिळवले त्यांच्यापैकी अनेकांचा अभ्यास अर्धवट राहिला. ज्या वर्गांसाठी ते गायले त्या वर्गांत पुढे दुसरेच बसले. त्या दुसऱ्यांत 1885 ते 1888 या काळात डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस नावाचा एक विद्यार्थी होता. आपल्या लोकांचा फार मोठा विद्वान झाला. 1903 साली त्याने आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला तेव्हा शेवटचे प्रकरण त्याच जुन्या गाण्यांवर लिहिले.

पालकांनी हा भाग नीट वाचावा अशी माझी विनंती आहे. तिकिटे खपवण्यासाठी परीक्षेच्या तोंडावर मुलांना दारोदार पाठवणाऱ्या कमिट्या मी पाहिल्या आहेत. मी स्वतःही एकदा अशा कमिटीत होतो, तेव्हा दोष दुसऱ्याला देत नाही.

पुढच्या शतकात मदतीच्या जलशांचे रूप पालटले. गरजू एकीकडे आणि गाणारे दुसरीकडे असे झाले. फिस्कच्या मुलांनी घर सोडले त्याला शंभर वर्षे पूर्ण होत असताना, 1 ऑगस्ट 1971 रोजी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी संगीताचे दोन प्रयोग झाले. निर्वासितांचे हाल पाहून पंडित रविशंकर यांनी आपले स्नेही जॉर्ज हॅरिसन यांना गळ घातली आणि जगप्रसिद्ध गायकवादक जमले. सुरुवात आपल्या संगीताने झाली. पंडितजींची सतार, उस्ताद अली अकबर खान यांचा सरोद आणि तबल्याला आपल्या मुंबईचे उस्ताद अल्लारखा. वाद्ये जुळवत असतानाच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा पंडितजींना हसून सांगावे लागले की, गाणे अजून व्हायचे आहे. सुमारे 40,000 लोकांनी ते ऐकले. तिकिटांचे जवळजवळ 2 लाख 43 हजार डॉलर लहान मुलांसाठी काम करणाऱ्या 'युनिसेफ' या संस्थेकडे लौकरच गेले. पण ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांतून जी याहून कितीतरी मोठी रक्कम आली, ती अमेरिकेच्या करखात्याच्या चौकशीत दहा वर्षांच्या आसपास अडकून पडली. कारण धर्मादाय कार्यक्रम म्हणून करमाफीची व्यवस्था आधी करून ठेवली नव्हती. मंडळींच्या मनात खोट नव्हती, कागद मात्र अपुरे होते. भुकेल्या मुलाला दहा वर्षांनी आलेल्या पैशाचा काय उपयोग? आता जॉर्ज व्हाइट आठवा. जो सूर लावायला शिकवत होता तोच वही लिहीत होता, म्हणून नॅशव्हिलच्या सावकारांचे पैसे त्याच वर्षी फिटले.

1979 हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष म्हणून साजरे झाले, हे आपल्यापैकी वडील मंडळींना आठवत असेल. त्याची सुरुवात 9 जानेवारीला संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेच्या सभागृहात गाण्यांनी झाली. तेथे कलावंतांनी निराळीच युक्ती केली. एका रात्रीचे उत्पन्न देण्याऐवजी आपल्या एकेका गाण्याचा हक्कच युनिसेफला दिला. स्वीडनच्या 'ॲबा' या संघाने आपल्या 'चिकितिता' या गाण्याच्या उत्पन्नाचा अर्धा वाटा दिला. ते गाणे लोक अजून ऐकतात, त्यामुळे पैसा अजून येतो, आणि त्यातला काही गरीब देशांतील मुलींच्या शिक्षणावर खर्च झाला आहे. आपल्याकडच्या जुन्या वक्फाची ज्याला माहिती आहे त्याला ही युक्ती परकी वाटणार नाही. झाडाची फळे एकदाच तोडून न वाटता झाडच देऊन टाकायचे.

तरीही फिस्कची मुले आणि हे नामवंत यांना मी एका पंक्तीला बसवू शकत नाही. नामवंतांनी वेळ दिला, हक्क दिला, त्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. फिस्कच्या मुलांनी मात्र आपल्या आईच्या तोंडचे गाणे दिले. ते देताना त्यांना जे वाटले असेल ते एला शेपर्डच्या लिहिण्यात वाचायला मिळते. हसण्यासाठी जमलेले लोक ती गाणी ऐकून रडले, आणि त्या गाण्यांची नक्कल पुन्हा त्याच हसण्याने करणे पुष्कळांना अवघड झाले. पवित्र गोष्ट बाजारात गेली खरी, पण बाजारालाच तिच्यापुढे टोपी काढावी लागली. आमच्या गावच्या वडीलधाऱ्यांना मी हे सांगू शकलो असतो तर त्यांनी काय उत्तर दिले असते कोण जाणे. ते म्हणाले असते, गाणे कोणते आणि गाणारा कोण, यावर सारे आहे. आणि ते चुकीचे ठरले नसते.

फिस्कचा मूळ संघ मोडल्यावर फ्रेडरिक लाउडिन या गायकाने स्वतःच्या हिमतीवर नवा संघ बांधला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असा फिरत तो 1889-90 च्या सुमारास हिंदुस्थानातही येऊन गेला. म्हणजे कापसाच्या शेतातली ती गाणी आपल्या पणजोबांच्या पिढीतल्या कोणाच्या तरी कानांवर पडली असतील.

एला शेपर्ड नॅशव्हिलला परतली. तिने तेथे घर बांधले आणि लहानपणी ताटातूट झालेल्या आपल्या आईला त्या घरात आणून ठेवले. फिस्कमध्ये आजही दरवर्षी 6 ऑक्टोबरला ज्युबिली दिन पाळतात. त्या दिवशी सभा भरते. सभेनंतर विद्यार्थी गावातल्या कब्रस्तानांत जातात, त्या पहिल्या गायकांच्या कबरींपाशी उभे राहतात आणि तीच गाणी म्हणतात. त्याला तिकीट नसते.